पुनर्वसन उपचारकांमधील बर्नआउट

कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या आणि वेळीच न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणजे बर्नआउट. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून मदत करणारे) आणि स्पीच थेरपिस्ट (वाचेवर उपचार करणारे) या पुनर्वसन क्षेत्रातल्या तिन्ही प्रमुख व्यवसायांत ती आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात (२०१९ मध्ये संमत, २०२२ पासून लागू) तिची नोंद आजार म्हणून नाही, तर नोकरी-व्यवसायाशी निगडित स्थिती म्हणून आहे. त्यामुळे थकलेल्या उपचारकाच्या स्वभावात दोष शोधण्याआधी त्याच्या कामाची रचना तपासणे योग्य ठरते. प्रत्यक्षात बहुधा उलटेच होते.

मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, ते न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यातल्या कार्यकर्त्यांची दमछाक पाहून. १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी तिच्या मोजमापाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. भावनिक थकवा, रुग्णाकडे कोरडेपणाने पाहणे आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही असे वाटणे, हे तीन घटक तेव्हापासून रूढ आहेत.

यांपैकी तिसरा घटक पुनर्वसनात विशेष जाचतो. शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रियेचा परिणाम पुष्कळदा लवकर दिसतो. थेरपिस्ट मात्र एकाच रुग्णासोबत आठवडेच्या आठवडे, कधी वर्षानुवर्षे काम करतो. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणा तुलनेने वेगाने होते, पुढे ती मंदावते. नेमक्या त्याच काळात रुग्ण विचारतो, “मी पुन्हा पूर्वीसारखा चालेन ना?” खोटी आशा द्यायची नाही आणि उमेदही मोडायची नाही, असे उत्तर दिवसातून अनेकदा, वेगवेगळ्या माणसांना द्यावे लागते. मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे करणारा आजार) यासारख्या वाढत जाणाऱ्या आजारांत तर ऱ्हास लांबणीवर टाकणे हेच यश असते, आणि ते यश सहसा कोणाला दिसत नाही, कुटुंबीयांनाही नाही.

शरीरावरचा भार वेगळाच. रुग्णाला खाटेवरून खुर्चीत हलवणे, तोल सावरणे, हातांनी सांधे मोकळे करणे यांमुळे पाठ, मनगट आणि अंगठ्याची दुखणी या व्यवसायात नेहमीची आहेत. दुखऱ्या शरीराने दुसऱ्याला व्यायामाचा उत्साह द्यायचा, हा ताण बाहेरून लक्षात येत नाही. त्यात दररोज ठरावीक संख्येने रुग्ण तपासण्याची सक्ती आणि कामाचे तास संपल्यावर लिहायच्या नोंदी. उपचार किती दिवस चालतील हे थेरपिस्टऐवजी विमा कंपनी ठरवत असेल, तर जबाबदारी त्याची आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी कोंडी होते. संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या कामाच्या ताणाच्या प्रारूपात मागणी जास्त आणि नियंत्रण कमी असलेले काम सर्वाधिक ताणाचे मानले आहे.

नैराश्याची लक्षणे काही अंशी सारखी असली, तरी बर्नआउट कामाच्या संदर्भातच ओळखले जाते. मात्र दोन्ही एकत्र असू शकतात, म्हणून झोप, भूक किंवा जगण्याची इच्छा ढासळत असेल तर तज्ज्ञाकडे जाणे आवश्यक आहे.

ध्यान, व्यायाम, सुट्टी यांचा उपयोग होतो, पण रुग्णसंख्या तीच राहिली तर तो टिकत नाही. अवघड रुग्णांची वाटणी, नवख्या थेरपिस्टला अनुभवी सहकाऱ्याचे नियमित मार्गदर्शन, रुग्ण हलवण्यासाठी यांत्रिक साधने आणि नोंदींसाठी कामाच्या वेळेतच राखीव तास हे संस्थेने करायचे उपाय आहेत. उद्दिष्टांची मांडणीही महत्त्वाची. संशोधक किरेसुक आणि शेरमन यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक रुग्णाचे स्वतःचे ध्येय उणे २ ते अधिक २ अशा मापावर ठरवतात (शून्य म्हणजे अपेक्षेइतके साध्य). त्यामुळे आधाराशिवाय काही क्षण उभे राहणे किंवा स्वतःच्या हाताने चमचा तोंडापर्यंत नेणे हीसुद्धा नोंदवलेली प्रगती ठरते.