पिथिया वेगळी, सिबिल वेगळी

व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपलच्या छतावर मायकेलअँजेलोने पाच सिबिल, म्हणजे भाकीत सांगणाऱ्या प्राचीन स्त्रिया, रंगवल्या. त्यांतल्या डेल्फीच्या सिबिलला बरेच जण पिथियाच समजतात. पण दोघी एक नव्हेत.

पिथिया हे पद होतं. ग्रीसमधल्या डेल्फीत, अपोलो या देवाच्या मंदिरात एक बाई गेली की दुसरी तिच्या जागी बसे. तिच्याकडे लोक कौल मागायला येत, तेही ठरल्या दिवशी. आधी शेळीवर गार पाणी शिंपडायचं. ती अंगभर थरथरली तरच पिथिया गाभाऱ्यात उतरून तिवईवर बसायची. स्वतः डेल्फीचा पुजारी असलेल्या प्लूटार्कने एक प्रसंग नोंदवला आहे. शेळी थरथरेना, म्हणून पुजाऱ्यांनी पाण्याचा मारा करून तिला थरथरायला लावलं. पिथिया मनाविरुद्ध आत गेली, किंचाळत दाराकडे धावली, कोसळली आणि थोड्याच दिवसांत वारली. कौल परदेशी पाहुण्यांना हवा होता, जीव तिचा गेला. डेल्फीबद्दल वाचलेलं हेच मला सर्वांत जास्त लागतं.

शिवाय ती जबाबदार धरली जाई. स्पार्टाच्या राजकारणात फितवलेल्या पेरिआला नावाच्या पिथियाचं पद काढून घेतलं, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो.

सिबिलला असं पद नव्हतं आणि ती प्रश्नाची वाटही पाहत नसे. भाकीत आपणहून सांगे. रोमन विद्वान वारोने अशा दहा सिबिल मोजल्या. गोंधळ होतो तो डेल्फीतच, कारण हिरोफिली ही सिबिल जिथे उभी राहून गायची म्हणतात, तो खडक अपोलोच्या मंदिराच्या जरा खालीच आहे.

रोमला सिबिल माहीत होती ती मुख्यतः तिच्या भाकितांच्या पोथ्यांतून. कथेप्रमाणे एका म्हातारीने रोमचा राजा टार्क्विन याला नऊ पोथ्या देऊ केल्या. तो नको म्हणाला तशा तिने तीन-तीन करून सहा जाळल्या आणि उरलेल्या तीन मूळ किमतीलाच विकल्या. संकट आलं की सिनेट त्या उघडायला लावी. उघडणारे मात्र पुरुष अधिकारी: आधी दोन, मग दहा, पुढे पंधरा.

इ.स.पू. 83 मध्ये रोममधल्या कॅपिटोल टेकडीवरचं ज्युपिटरचं मंदिर जळालं, त्यात या पोथ्याही गेल्या. मग सिनेटने एरिथ्री या ग्रीक शहरापर्यंत माणसं धाडून नवी पद्यं गोळा केली. त्यांतली सिबिलची खरी कोणती, हे पुरुष पुरोहितांनीच ठरवलं.