माव्याने टेन्शन जातं कुठे?

सोलापुरात अशोक चौकातल्या टपरीवर रातपाळीला निघालेल्या यंत्रमाग कामगाराला विचारा, मावा कशाला खाता? उत्तर ठरलेलं असतं : "टेन्शन जातं ओ." हे उत्तर खोटं नाही, अर्धवट आहे.

माव्यात सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला असतो. चुन्यामुळे लाळ अल्कधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झटकन रक्तात शिरतं. काही मिनिटांत मेंदूत डोपामिन सुटतं, बरं वाटतं. पण साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं आणि त्याला सरावलेला मेंदू कुरकुरायला लागतो. चिडचिड होते, हात अस्वस्थ होतात, मागावर लक्ष लागत नाही. यालाच आपण 'तलफ' म्हणतो. पुढची पुडी ती शमवते. म्हणजे गेलेलं टेन्शन बरंचसं आधीच्याच पुडीने दिलेलं असतं. जुनं कर्ज फेडायला सावकाराने नवं द्यावं, तसा हा व्यवहार.

सिगारेट सोडणाऱ्यांवरच्या 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. सोडणाऱ्यांची चिंता आणि उदासी न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेली दिसली. अभ्यास सिगारेटचा, पण निकोटिन तेच.

सुपारीचं दुखणं वेगळं. तिच्यातल्या अरेकोलिनमुळे गालाच्या आत तंतुमय ऊतक साचत जातं, गाल ताठर होतो आणि तोंड उघडणं कमी होत जातं. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटं उभी मावतात. या रुग्णांना आधी तिखट झोंबतं, मग शेंगाचटणी बंद होते, मग कडक भाकरीचा तुकडाही आत जाईना. काहींना पुढे कर्करोग होतो. 'तंबाखू नाही, नुसती सुपारीच खातो' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय. राज्यात गुटखाबंदी 2012 मध्ये आली; टपऱ्यांवर ती किती पोचली, हे सोलापूरकरांना मी काय सांगणार!

त्यात रातपाळीतला पहाटेचा चहा. कॅफिन निम्मं व्हायला पाचेक तास लागतात, म्हणजे घरी पाठ टेकताना ते अंगात असतंच. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि मे महिन्यात स्लॅबखाली दुपारी ते उतरणार कसं? वर उशाशी मोबाइल. तुटक झोपेनंतर मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीती-रागाचं केंद्र, क्षुल्लक गोष्टीवरही भडकतो. पोरांवर हात उगारला जातो, सुपरवायझरशी वाजतं. संध्याकाळी पुन्हा टेन्शन, पुन्हा टपरी.

सोडताना पहिला आठवडा वाईट जातो, हे आधीच माहीत असलेलं बरं. चिडचिड वाढते, झोप उडते, भूक सुटते. साधारण तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचं हे ओसरतं. घरच्यांनाही तेवढे दिवस सांगून ठेवावं. मदतीला केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे : 1800-11-2356. तोंडात तीन बोटं मावत नसतील, तर मात्र आधी दंतवैद्य गाठावा.