अमेरिकेची मतदानाची सुटकेस आणि आपला तीन पानी आडोसा

अमेरिकेतल्या निवडणुकीचे जुने फोटो बघा, हॉलमध्ये ओळीने उभे केलेले चार बारीक पायांचे स्टँड दिसतात, तीन बाजूंना छोट्या भिंती आणि मध्ये थोडा वाकून उभा असलेला मतदार. आता आपल्या झेडपी शाळेचा वर्ग आठवा, टेबलावर ठेवलेला तो राखाडी तीन पानी आडोसा आणि त्यामागे बटण दाबणारा मतदार. दोन्ही घडी घालून नेता येतात, दोन्ही तीन बाजूंनी बंद, म्हणून बरेच जण दोन्ही एकाच पंगतीत बसवतात की त्यांचा जरा भारीतला आणि आपला स्वस्तातला, एवढाच काय तो फरक. पण तसं नाहीये. अमेरिकेचा तो स्टँड घडी केला की सुटकेस व्हायचा, आणि त्या सुटकेसमध्ये मत नोंदवायचं साधन आणि आडोसा एकत्र बांधलेले होते, आणि आपल्याकडे आडोसा हा फक्त आडोसा आहे, यंत्र वेगळं, टेबल वेगळं आणि टेबल तर बऱ्याचदा शाळेचंच. बाकीचे फरक बहुतेक इथूनच निघतात.

आधी त्यांच्याकडची गोष्ट. अमेरिकेत १८९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट गावात जेकब मायर्सचं लिव्हर मशीन पहिल्यांदा वापरलं गेलं. मग पुढची कित्येक दशकं तिथल्या मोठ्या शहरांमध्ये लिव्हर मशीनच चालायची. माणसाएवढी उंच लोखंडी यंत्रं, शेकडो किलो वजनाची, पुढे पडदा. मोठा दांडा ओढला की पडदा बंद व्हायचा आणि परत उलटा ओढला की मत नोंदवलं जाऊन पडदा उघडायचा. गुप्तता एकदम पक्की, पण दर निवडणुकीला ट्रकात चढवा, उतरवा, वर्षभर गोडाऊनचं भाडं भरा, आणि छोट्या काउंटीला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) हे परवडणार कसं. (घडीच्या स्टँडसोबत लोक हा पडदावाला प्रकारही मिसळून टाकतात. पडदा लिव्हर मशीनचा, घडीच्या सुटकेसला पडदा नव्हता.)

ह्यावर उपाय काढला जोसेफ हॅरिस ह्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातला, निवडणूक कशी चालवायची ह्याचा बराच अभ्यास केलेला माणूस. आयबीएमचं एक हातात धरून कार्डाला भोकं पाडायचं छोटं साधन होतं, पोर्ट-अ-पंच नावाचं, ते बघून त्याला कल्पना सुचली आणि विल्यम रूव्हरॉल ह्या इंजिनिअरच्या मदतीने त्याने व्होटोमॅटिक तयार केलं. १९६४ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या फुल्टन आणि डिकॅल्ब काउंटीत ते पहिल्यांदा वापरलं गेलं. त्यात वीज लागत नाही, मोटर नाही, काही नाही. एक चौकट, त्यावर उमेदवारांच्या नावांची पानं असलेली पुस्तिका, पुस्तिकेच्या मधोमध भोकांची रांग आणि खाली पंचकार्ड. वरच्या फटीतून कार्ड सरकवायचं, दोन खुंट्यांवर नीट बसवायचं, साखळीला बांधलेल्या टोच्याने नावासमोरच्या भोकात दाबायचं की कार्डाचा आधीच कोरून ठेवलेला चौकोनी तुकडा निघून खाली पडायचा. त्या तुकड्याला चॅड म्हणतात.

आणि हे सगळं सुटकेसमध्ये बसायचं! झाकण उघडलं की ते मागची भिंत व्हायचं, बाजूचे पंख उघडले की दोन्हीकडून आडोसा, पाय आतच ठेवलेले असायचे ते काढून खाली लावले की बूथ उभा. एका माणसाला एका हातात उचलता येईल असा अख्खा मतदान कक्ष. मला ही कल्पना आजही फार आवडते, कारण तिच्यात काही उसनं मागावं लागत नाही, टेबल नको, वीज नको, खोलीत फक्त सपाट जमीन असली की झालं. शेकडो किलोच्या यंत्राला हे उत्तर शोधणं ही साधी गोष्ट नाही.

पण आडोसा आणि यंत्र एकत्र बांधल्याची किंमत पण होती. पुस्तिकेची रुंदी चौकटीने ठरवून टाकलेली, त्यामुळे उमेदवार वाढले की पानं वाढवायची किंवा अक्षर बारीक करायचं, तिसरा रस्ता नाही. २००० साली फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत नेमकं हेच अडलं. अध्यक्षपदाचे दहा उमेदवार होते आणि वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं ठेवलं, हेतू अगदी चांगला, पण मग नावं एका पानात मावेनात म्हणून समोरासमोरच्या दोन पानांवर टाकली आणि भोकांची रांग दोन्हीच्या मध्ये. डावीकडच्या दुसऱ्या नावाचं भोक रांगेत तिसरं, कारण दुसरं भोक उजव्या पानावरच्या पहिल्या नावाचं. हीच ती बटरफ्लाय मतपत्रिका. त्या एका काउंटीत १९ हजारांच्या वर कार्डं एकापेक्षा जास्त भोकं पडल्यामुळे बाद झाली आणि अख्ख्या राज्याचा निकाल लागला ५३७ मतांनी. शिवाय अर्धवट लटकलेले चॅड भिंगातून बघणारे अधिकारी सगळ्या जगाने टीव्हीवर बघितले ते वेगळंच. २००२ मध्ये तिकडे नवा कायदा झाला, पंचकार्ड आणि लिव्हर मशीन काढून टाकायला केंद्र सरकारने पैसे दिले, आणि यंत्र बाद झालं तशी त्याच्यासोबत ती सुंदर सुटकेस पण बाद झाली. बरेच बूथ लोकांनी आठवण म्हणून विकत घेतले. आडोशात काहीच दोष नव्हता, तो यंत्राला जोडलेला होता म्हणून गेला.

आता आपल्याकडे या. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर चिन्ह, आणि ह्या सगळ्या पेट्या आडोशाच्या आत मांडलेल्या. (ह्यातल्या १२ लाखांहून जास्त पेट्या आपल्या विक्रोळीत गोदरेजने बनवल्या होत्या.) मतदार पत्रिका घेऊन एकटाच आत जायचा आणि हव्या त्या पेटीत टाकायचा. म्हणजे तेव्हा लपवायची होती अख्खी कृती, माणूस आणि पेट्या दोन्ही, त्यामुळे आडोसा पण माणूस आत मावेल एवढा लागायचा आणि आत मतदार काय करतोय, पत्रिका टाकतोय की खिशात घालून बाहेर नेतोय, हे कोणालाच कळायचं नाही. पुढे शिक्का मारायची पद्धत आली, १९६२ पर्यंत ती रुळली, आणि पेटी आडोशातून बाहेर अधिकाऱ्यांच्या नजरेसमोर आली. आत राहिला फक्त शिक्का, कागद आणि हात. माझ्या मते आपल्या मतदान कक्षाच्या डिझाइनमधला सगळ्यात मोठा बदल हाच, आणि ह्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. इथून पुढे माणूस लपवायची गरजच संपली, त्याच्या हाताखालचं काय ते झाकलं की बास.

मग मतदान यंत्र आलं, १९८२ मध्ये केरळातल्या परूरला थोड्या केंद्रांवर आणि २००४ च्या लोकसभेला देशभर, नंतर व्हीव्हीपॅट (मत कोणाला गेलं ते मतदाराला चिठ्ठीवर दाखवणारं यंत्र) आलं, पण आडोसा आपला तोच तीन पानी. आता तो पुठ्ठ्याऐवजी नालीदार प्लास्टिक शीटचा, म्हणजे फ्लेक्स बोर्डचा असतो, रंग स्टील ग्रे, आरपार न दिसणारा आणि परत वापरता येणारा, माप लांबी-रुंदी २४ इंच आणि उंची ३० इंच. तो ३० इंच उंचीच्या टेबलावर ठेवायचा. आता बेरीज करा, ३० आणि ३० म्हणजे ६० इंच, बरोबर पाच फूट. म्हणजे बऱ्याच मतदारांचं डोकं वर दिसत राहतं, केंद्राध्यक्षाला कळतं की माणूस तिथेच उभा आहे, मान कुठे वळली, फार वेळ झाला का, दुसरं कोणी घुसलं का, पण बोट कुठल्या बटणावर आहे ते कळत नाही. आतल्या बॅलट युनिटची, म्हणजे बटणांच्या यंत्राची, जोडणी व्हीव्हीपॅटमधून पुढे जाते, आणि ती केबल मागच्या पानाच्या खालच्या फटीतून बाहेर येऊन अधिकाऱ्याकडच्या कंट्रोल युनिटला जाते आणि सगळ्यांना दिसेल अशीच ठेवायची, उगाच लपवायची नाही. मत झालं की बीप वाजतो. मत पडलं हे अख्ख्या खोलीला कळतं आणि कोणाला पडलं हे एकालाही नाही, इतकी बारीक विभागणी एका घडीच्या शीटमधून साधलेली आहे.

आता अमेरिकन स्टँडशी तुलना केली तर तिथे बूथ ओळीने किंवा चार-चार पाठीला पाठ लावून उभे करतात, मतदाराची पाठ बऱ्याचदा मोकळ्या हॉलकडे. आपल्याकडे खोली छोटी, त्यात उमेदवारांचे पोलिंग एजंट बसलेले, दारात रांग, कोपऱ्यात वेबकास्टिंगचा कॅमेरा. म्हणून आपल्याकडे आडोसा कसा आहे ह्याच्याइतकंच तो कुठे ठेवलाय हे महत्त्वाचं, खिडकी-दाराजवळ नको, उघडी बाजू कोणाच्या नजरेत यायला नको, कॅमेऱ्यात बॅलट युनिट दिसायला नको. इलेक्शन ड्युटी केलेल्या कुठल्याही गुरुजींना विचारा, आदल्या दिवशी संध्याकाळी केंद्रावर पोचलं की पहिलं काम असतं बाकं सरकवून हा कोपरा शोधणं.

उजेडाचं पण तसंच. मे २०१८ मध्ये भंडारा-गोंदिया लोकसभेच्या पोटनिवडणुकीत भर उन्हाळ्यात यंत्रं मोठ्या संख्येने अडली आणि ४९ केंद्रांवर परत मतदान घ्यावं लागलं, त्याच दिवशी उत्तर प्रदेशात कैरानालाही हेच झालं. व्हीव्हीपॅटवर जास्त प्रकाश पडल्याचं कारण निवडणूक आयोगाने दिलं, आणि नंतर त्याच्या सेन्सरवर झाकण बसवलं. तेव्हापासून आडोशाचं काम माणसाची नजर अडवण्यापुरतं राहिलेलं नाही. बरं वरून तो उघडाच, म्हणजे डोक्यावरच बल्ब असेल तर तीन पानं काहीच करू शकत नाहीत, टेबलच हलवायला पाहिजे. व्होटोमॅटिकला हा प्रश्नच नव्हता, उलट तिथे मतदाराला पुस्तिका वाचायला उजेड पुरेसा हवा असायचा.

पण जागा कमी पडली की आपल्या साध्या शीटचा मोठेपणा कळतो. एका बॅलट युनिटवर नोटा धरून १६ नावं. २०१९ मध्ये आपल्या नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातल्या निजामाबादला १८५ उमेदवार उभे राहिले, त्यात शेतकरीच जास्त, आणि एकेका केंद्रावर १२ बॅलट युनिट जोडावी लागली. २४ इंचात ती मावणं शक्यच नाही, पण म्हणून नावं दोन पानांवर कोंबावी लागली नाहीत, टेबलं वाढवली, आडोसा वाढवला आणि मतदान झालं. पाम बीचला दहा उमेदवारांनी जे अडलं ते इथे १८५ ला अडलं नाही, कारण भिंत यंत्राला चिकटलेली नव्हती. अर्थात १२ युनिटांवर आपलं नाव शोधणं मतदाराला अवघडच, पण तो वेगळा विषय.

स्वस्तपणाचा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला कारण बहुतेक लोक तिथूनच सुरू करतात. २०२४ ला देशात साडेदहा लाखांच्या आसपास मतदान केंद्रं होती. तेवढ्या सुटकेस बनवणं, सांभाळणं, पाय हरवले तर शोधणं, विचार करा. आपला आडोसा सपाट घडी होऊन यंत्रांच्या पेट्यांसोबत एसटीत, जीपमध्ये, बोटीत कुठेही जातो आणि फाटला तर दुसरा मिळतो. पण त्याची एक कमजोरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे, त्याला टेबल लागतंच, आणि टेबल जसं असेल तसा आडोसा. डगमगणारं, उंच, अरुंद, जे मिळेल ते. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी हे खूप महत्त्वाचं आहे. अमेरिकेत अपंगांसाठीच्या नियमात कामाच्या पृष्ठभागाची उंची २८ ते ३४ इंच आणि खाली गुडघ्यांसाठी किमान २७ इंच मोकळी जागा ठरवलेली आहे, त्यामुळे आता तिथले नवीन स्टँड (हल्ली ते परत कागदी मतपत्रिकेवर गोल रंगवायला वापरतात, यंत्र लांब कोपऱ्यात स्कॅनर म्हणून, म्हणजे ते आपल्या पद्धतीच्या बरेच जवळ आलेत) रुंद आणि बुटके पण मिळतात. आपलं ३० इंचाचं टेबल ह्या मापात बसतं खरं, पण खाली फळी किंवा आडवी पट्टी असेल तर खुर्ची आत जातच नाही, आणि शाळेच्या टेबलांना ती असतेच बऱ्याचदा.

आणि आता गृहमतदान आलंय. २०२४ च्या लोकसभेपासून ८५ च्या पुढचे आजी-आजोबा आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले मतदार फॉर्म भरून घरी मत देऊ शकतात, मतदान पथक घडीचा आडोसा घेऊन दारात येतं. पण तिथे यंत्र नाही, टपाली मतपत्रिका आहे, म्हणजे कागद आणि पेन. खाटेवर बसलेल्या आजींना कागदाखाली काहीतरी कडक लागतं, आडोसा मांडीवर टिकत नाही, घरचे लोक चारही बाजूंनी मदतीला उभे, मग कोणीतरी परात किंवा वही खाली देतं आणि हात धरायला पुढे होतं. गुप्तता जिथे सगळ्यात आधी घरच्यांपासूनच लागते तिथे नेमकं टेबल नाही. इथे हॅरिसची सुटकेस आपल्याला हवी आहे, अख्खी नाही, फक्त तिचा तळ आणि पाय. तीन पानांना खाली चौथं कडक पान जोडायचं, त्याला खाटेच्या उंचीचे घडीचे पाय लावायचे, झालं. फ्लेक्स बोर्ड तोच, रंग तोच, पथकाच्या पिशवीत वजन थोडंसंच वाढेल. पुढच्या निवडणुकीच्या साहित्याच्या यादीत निदान गृहमतदानाच्या पथकांसाठी तरी हे घ्यावं असं मला मनापासून वाटतं.