टॉक्सोकॅरा संसर्ग

टॉक्सोकॅरा संसर्ग : कुत्र्या-मांजरांच्या आतड्यात राहणाऱ्या गोलकृमींच्या डिंभांमुळे (अळ्यांमुळे) माणसाला, मुख्यत्वे लहान मुलांना होणारा रोग. कुत्र्यात टॉक्सोकॅरा कॅनिस व मांजरात टॉ. कॅटी ही जाती आढळते. मानवी रोगाचे कारण म्हणून बहुधा पहिल्या जातीचाच उल्लेख होतो. परंतु नेहमीच्या रक्तचाचणीत दोन्ही जाती वेगळ्या ओळखता येत नाहीत, त्यामुळे मांजराचा वाटा कमी लेखला गेला असण्याचा संभव आहे.

कुत्रीच्या स्नायूंत सुप्त राहिलेले डिंभ ती गाभण असताना, साधारण बेचाळिसाव्या दिवसानंतर, जागे होऊन नाळेवाटे गर्भात उतरतात. त्यामुळे पिल्लू जन्मतःच बाधित असते व सुमारे तीन आठवड्यांचे होताच त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. मांजरीकडून पिलांना बाधा होते ती दुधावाटे, नाळेवाटे नव्हे. कृमीची एक मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालू शकते. ताजी अंडी बाधक नसतात. ओलसर, उबदार मातीत त्यांत डिंभ तयार व्हायला दोन ते चार आठवडे किंवा अधिक काळ लागतो. जाड कवचामुळे ती पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून विष्ठा दिसेनाशी झाली तरी जागा निर्धोक होत नाही. अंगणात वळचणीखाली कुत्री व्याली असेल, तर ती जागा रांगत्या मुलाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची. बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात मांजरे विष्ठा पुरतात आणि मुले त्यातच खोपे करतात. माती खाण्याची सवय हे संसर्गाचे मोठे कारण होय. कुत्र्याच्या केसांवर विकसित अंडी सापडल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर कुत्र्याला कुरवाळण्यातूनही बाधा होते, असे मत पुढे आले. नंतरच्या तपासण्यांत अशी जिवंत, बाधक अंडी फार थोडी आढळली. तेव्हा मातीवाटे संसर्ग हाच पक्ष अधिक ग्राह्य वाटतो.

मानवी रोगाची ओळख वादातून झाली. एच. सी. वाइल्डर यांनी १९५० मध्ये अमेरिकेत, दृष्टिपटलाच्या कर्करोगाचा संशय असल्याने काढून टाकलेल्या मुलांच्या ४६ डोळ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील २४ डोळ्यांत कृमीचे डिंभ किंवा त्यांचे अवशेष होते. वाइल्डर यांना ते अंकुशकृमीचे वाटले. १९५६ मध्ये निकल्स यांनी त्यांतील काही नमुने टॉक्सोकॅराचे असल्याचे दाखवले. दरम्यान १९५२ मध्ये बीव्हर व सहकाऱ्यांनी न्यू ऑर्लीन्स येथील तीन मुलांचे वर्णन करून यकृतादी अंतर्गत अवयवांतील डिंभ-भ्रमणाची कल्पना मांडली. भारतात या शोधाची सांगड ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ या, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढून खोकला येणाऱ्या विकाराशी घालण्याचा प्रयत्न झाला. कलकत्त्याचे चौधुरी व साहा यांनी १९५९ मध्ये टॉ. कॅनिसची अंडी माणसाला देऊन केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. परंतु १९६० मध्ये वेल्लोरच्या वेब, जॉब व गॉल्ट यांनी अशा रुग्णांच्या फुप्फुसात, यकृतात व लसीका ग्रंथींत सूक्ष्म फायलेरिया (फायलेरिया गटातील कृमींचे सूक्ष्म डिंभ) दाखवले आणि हत्तीरोगाच्या कृमीकडे बोट दाखवणारे मत स्थिरावले. दोन्ही विकारांत इओसिनोफिल पेशी वाढतात व खोकला येतो, त्यामुळे हा घोळ समजण्यासारखा आहे.

माणसात डिंभ आतड्याची भित्ती भेदून यकृत, फुप्फुसे, क्वचित मेंदू किंवा डोळ्यात शिरतात. पण प्रौढ होत नाहीत. म्हणून मुलाच्या शौच-तपासणीत या कृमीची अंडी कधीच सापडत नाहीत, आणि अहवाल ‘नॉर्मल’ आला की शोध तिथेच थांबतो. बहुतेकांना लक्षणे नसतात. इतरांत ताप, खोकला, दमा लागल्यासारखा श्वास व यकृतवृद्धी दिसते. डोळ्याचा विकार तुलनेने मोठ्या मुलांत व बहुधा एकाच डोळ्याला होतो; तिरळेपणा किंवा बाहुलीतील पांढरी झाक ही त्याची खूण. मूल दुसऱ्या डोळ्याने निभावून नेते, त्यामुळे नजर अधू झाल्याचे घरात उशिरा कळते. निदानासाठी रक्तातील प्रतिपिंडांची एलायझा चाचणी करतात. मात्र चाचणी होकारार्थी आली, तरी संसर्ग आताचा की जुना हे त्यावरून ठरत नाही.

उपचारात अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ. दिवसातून दोनदा, पाच दिवस देण्याची पद्धत आहे; डोळ्याच्या विकारात दाह आटोक्यात आणण्यासाठी स्टेरॉइड महत्त्वाचे ठरते. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांत दिली जाणारी अल्बेंडाझोलची एकच मात्रा मुलांच्या आतड्यातील जंतांसाठी आहे. तिच्यावर या रोगाची भिस्त ठेवता येत नाही.

प्रतिबंध जनावरांपासून सुरू होतो. पिलांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, आठव्या आठवड्यापर्यंत जंताचे औषध (पायरँटेल, फेनबेंडाझोल) द्यावे व व्यालेल्या कुत्रीलाही त्याच वेळी द्यावे. विष्ठा रोजच्या रोज उचलावी.

प्रसाराच्या पाहण्यांत फार तफावत दिसते. सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावरील एका वस्तीत ८६ टक्के मुले चाचणीत होकारार्थी आढळली (१९८६). अमेरिकेच्या २०११–१४ च्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते. जिथे ॲस्कॅरिस हा माणसाच्या आतड्यातील गोलकृमीही सर्रास आढळतो, तिथे दोन्हींच्या प्रतिपिंडांची गल्लत होऊन आकडे फुगू शकतात. भारतीय पाहण्या वाचताना हे लक्षात घ्यावे लागते.