‘गॅप’ नावाचं दुखणं: कंबरदुखीच्या उपचारांची पार्श्वभूमी

सुरुवात चरकापासूनही करता येईल. वातविकारांत सांगितलेली ‘गृध्रसी’ म्हणजे आजची सायटिका, कुल्ल्यापासून पायापर्यंत उतरणारी कळ. कमरेवर उडदाच्या पिठाची पाळी करून तिच्यात कोमट तेल भरायची कटिबस्ती आजही चालते, निर्गुडीच्या पाल्याचा शेकही चालतो. पण आज कंबर धरली की एक्स-रे, पट्टा, ‘वाकू नका’ आणि एमआरआय या ज्या फेऱ्यात माणूस सापडतो, तो फेरा गेल्या नव्वद वर्षांतला आहे.

1934 साली बोस्टनच्या दोन सर्जननी दाखवून दिलं की मणक्यांमधली गादी फाटून आतला गर बाहेर येतो आणि नसेवर दाबतो. शोध खरा होता. नेमका रुग्ण निवडला तर ऑपरेशनने पायातली कळ थांबायची. घोळ पुढे झाला. पायात न उतरणारं, नुसतं कमरेचं दुखणंही गादीच्याच नावावर जमा होऊ लागलं.

दुसरा वारसा विश्रांतीचा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये दुखऱ्या अवयवाला सक्तीची, दीर्घ विश्रांती देण्याचा आग्रह धरणारी मंडळी होती. मोडलेल्या हाडाला ते लागू पडलं आणि तोच नियम कमरेलाही लागला. ऐंशीच्या दशकात माझ्या आत्याला तीन आठवडे लाकडी फळीवर निजवलं होतं. पलंगाच्या पायथ्याकडच्या खुरांखाली दोन-दोन विटा, कमरेला पट्टा, पट्ट्याच्या दोरीला वाळूची पिशवी. उठली तेव्हा कंबर जरा हलकी होती, पाय मात्र लटपटत होते. त्यानंतर तिने भरलेली कळशी म्हणून उचलली नाही.

त्याच दशकात, 1986 मध्ये, टेक्सासमधल्या 203 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस पडून राहायला सांगितलं, काहींना सात. बरं होण्यात फरक पडला नाही. दोन दिवसवाल्यांच्या कामाच्या खाड्यांत मात्र 45 टक्क्यांनी घट झाली. 1995 मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांचे तीन गट केले गेले: एकाला दोन दिवस अंथरूण, एकाला कमरेचे व्यायाम, आणि तिसऱ्याला एवढंच सांगितलं की झेपेल तसं रोजचं चालू ठेवा. तिसरा गट सगळ्यांत लवकर सावरला. भर दुखण्यात केलेला व्यायामसुद्धा साध्या वावरण्यापुढे मागे पडला, हे बऱ्याच फिजिओथेरपीवाल्यांना तेव्हा रुचलं नसणार. फळीचंही तेच. 2003 मध्ये स्पेनमधल्या 313 जणांवर झोपायच्या गाद्या तपासल्या, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडलेला दिसला.

म्हणजे माहिती होती. तरी आपल्याकडे ती का झिरपली नाही? माझ्या मते याचं एक मोठं कारण एका शब्दात आहे: ‘गॅप’.

‘मणक्यात गॅप आलीय’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. साध्या एक्स-रेत गादी दिसतच नाही, दोन मणक्यांमधली काळसर फट तेवढी दिसते. गादीतलं पाणी वयानुसार कमी होतं, तिची उंची घटते आणि फट अरुंद होते. डॉक्टर फिल्म खिडकीच्या उजेडात धरून बोट ठेवतात आणि म्हणतात, ‘इथली गॅप कमी झालीय.’ घरी पोचेपर्यंत त्यातलं ‘कमी झालीय’ गळतं आणि ‘गॅप’ उरते. हा माझा अंदाज आहे, पण अर्थ उलटा झालाय हे नक्की. जे मिटत चाललंय ते उघडलंय असं रुग्ण समजतो. भिंतीला भेग पडावी तशी त्याच्या कण्याला फट पडलेली असते. वाकलं तर ती रुंदावेल, शिंकलं तर कणा सुटेल. मग ती ‘भरून काढणारी’ तेलं, काढे, पावडरी ओघानेच येतात. (गुडघ्यातलं ‘वंगण संपणं’ हे याच घराण्यातलं.)

काही डॉक्टर या शब्दाची बाजू घेतात. पेशंटला पटकन कळतं, तो काळजी घेतो, असं त्यांचं म्हणणं. काळजी घेतो हे खरंच, पण कसली? वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, पट्टा सोडायचा नाही. पाठीचे स्नायू वर्षभरात ढिले पडतात, दुखणं मुरतं आणि ‘गॅप वाढली’ यावर शिक्का बसतो. ऑफिसात बसणाऱ्याला हे परवडतं. ऊसतोडीच्या टोळीतली बाई उचल घेऊन आलेली असते. तिला ‘वजन उचलू नका’ सांगणं म्हणजे काहीच न सांगणं.

एमआरआयने हा गुंता सुटायला हवा होता, तो वाढला. 1994 मध्ये कंबर अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले. निम्म्याहून अधिकांच्या, 52 टक्क्यांच्या, निदान एका तरी गादीला फुगवटा होता. सगळ्या गाद्या नीट असलेले फक्त 36 टक्के. पुढे 2015 मध्ये तक्रार नसलेल्या 3110 लोकांची माहिती एकत्र केली गेली. गाद्यांची झीज विशीतल्या 37 टक्क्यांत आणि ऐंशीतल्या 96 टक्क्यांत आढळली. म्हणजे रिपोर्टवर ‘एल-फोर एल-फाईव्ह’ (कमरेचा चौथा-पाचवा मणका) यापुढे जे लिहून येतं, त्यातलं बरंचसं केस पिकण्यासारखं असतं. त्यातून, बाहेर आलेला गर बऱ्याच जणांत शरीर स्वतःच शोषून घेतं, आणि मोठा, सुटून पडलेला तुकडा तर जास्तच. ही भरून येण्याची गोष्ट रुग्णाला क्वचितच सांगितली जाते. (लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं, ताप किंवा वजन उतरणं यांत थांबायचं नसतं, लगेच दाखवायचं असतं. ते प्रकरण वेगळं.)

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात 1997 पासून टीव्हीवर मोहीम चालवून ‘पडून राहू नका, हिंडतं-फिरतं राहा’ हे लोकांच्या मनावर ठसवलं गेलं. लोकांची समजूत बदलली, डॉक्टरांची बदलली, कामगारांच्या भरपाईचे दावेही घटले. 2023 च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीवर जागतिक पातळीवरची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत व्यायाम, दुखण्याविषयी समजावून सांगणं, मानसिक आधाराचे उपचार यांना जागा आहे. सरसकट पट्टा, ट्रॅक्शन (आत्याच्या वाळूच्या पिशवीसारखा ताण) आणि अफूजन्य वेदनाशामकं नकोत असं त्यांत म्हटलं आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पट्टे दर्शनी भागातच टांगलेले असतात, एस ते डबल एक्सएल.

शब्द बदलून काय होतं याचाही प्रयोग झाला आहे. अमेरिकेत सुमारे अडीच लाख रुग्णांच्या कंबरेच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये एक मजकूर जोडला गेला: हे बदल न दुखणाऱ्यांतही इतक्या-इतक्या टक्क्यांत आढळतात. 2020 मध्ये निकाल आला. पुढच्या तपासण्या आणि उपचार यांचं एकूण प्रमाण घटलं नाही. अफूजन्य गोळ्यांची प्रिस्क्रिप्शनं तेवढी किंचित कमी झाली. तो मजकूर रिपोर्टवर होता, आणि रिपोर्ट आधी डॉक्टरच्या हातात जात होता.