अंग राखून

मे महिन्याच्या अखेरीला रत्नागिरीकडच्या आमच्या घरी पडवीत रातांब्यांचा ढीग पडतो. पाऊस तोंडावर आलेला, आमसुलं उन्हात वाळायलाच हवीत, त्यामुळे घरात सगळ्यांची बोटं लाल. गेल्या वर्षी तेव्हा मावशीच्या चिकुनगुनियाला आठ महिने झाले होते. ताप आठवड्यात उतरला, पण बोटं आणि घोटे दुखायचे थांबले नव्हते. त्या सकाळी जरा बरं वाटलं म्हणून ती रातांबे फोडायला बसली, ती दिवेलागणीलाच उठली. पुढचे चार दिवस तिला चहाचा कप धरवेना.

चिकुनगुनिया हा शब्द माकोंडे या आफ्रिकी भाषेतला; वाकवून टाकणारा, असा त्याचा अर्थ. सांधेदुखी कित्येकांना महिनोन्‌महिने पुरते. ‘रिपोर्ट चांगले आहेत, मग दुखतं कसं?’ हे मावशीने किती वेळा ऐकलं असेल! १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी मांडलं की वेदनेचे संदेश मज्जारज्जूत कमीजास्त होतात आणि त्यावर मेंदूचाही ताबा असतो. म्हणून भीती, काळजी, झोपमोड यांनी दुखणं वाढतं. पुढे १९८३ मध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी दाखवलं की वेदनेच्या माऱ्याने मज्जारज्जूच हळवा होतो आणि एरवी जाणवलंही नसतं ते दुखू लागतं. मावशीचं दुखणं खरंच होतं.

बऱ्या दिवशी राबायचं, मग आडवं पडायचं, मग हात हलवायचीच धास्ती घ्यायची. या फेऱ्यात स्नायूही दुबळे होतात. उपाय असा की दुखू लागायच्या आत, घड्याळ बघून थांबायचं. वाईट दिवशीही थोडं करायचं आणि वेळ हळूहळू वाढवायची. सांधा सुजला, तापला तर मात्र डॉक्टरच गाठायचे.

ऐकायला सोपं आहे. पण आपल्याकडे ‘अंग राखून काम करते’ ही शिवी आहे! जन्मभर राबलेल्या बाईला तेच औषध म्हणून घ्यायला सांगायचं, म्हणजे गोळी गिळण्याहून अवघड. मला वाटतं, दीर्घ आजारात माणूस दुखण्याइतकाच या अपराधीपणाने खचतो.

यंदा मावशीने गजराचं घड्याळ पडवीत आणलं. वीस मिनिटं झाली की सुरी खाली. पहिले दोन दिवस ती उठून माजघरात जाऊन बसायची, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी पडवीतच झोपाळ्यावर बसली, सगळ्यांसमोर, लाल बोटं मांडीवर ठेवून.