कोरल पांढरं पडतंय? आधी थर्मामीटर बघा, औषध मागू नका
(घरी रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याची कोरलची (प्रवाळाची) टाकी, ठेवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

एप्रिल लागला की काउंटरवर एकच मागणी असते: "कोरल पांढरं पडलंय, काहीतरी औषध द्या." त्यावर औषध नाही. बाटलीत काही विकत मिळालं तरी टाकू नका.

कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. कोरलचा तपकिरी रंगही बहुतेक त्या शैवालाचाच. पाणी तापलं आणि वरून उजेडही कडक पडला, की या शैवालात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊ लागतात. मग कोरल त्याला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं, यालाच ब्लीचिंग म्हणतात. लक्षद्वीपची प्रवाळं १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये अशीच पांढरी पडली. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा पाणी जेमतेम एक अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तरी एवढं व्हायला पुरतं. पांढरं पडलेलं कोरल मेलेलं नसतं, ते उपाशी असतं. तेवढी मुदत तुमच्या हातात आहे.

खाली लिहिलंय ते लेदर, झोआ, मशरूम, झेनिया या दगडी सांगाडा नसलेल्या मऊ जातींसाठी. दगडी कोरल आणि समुद्रपंखे आम्ही विकत नाही. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कुणी "सगळेच ठेवतात हो" म्हणून देऊ लागला तर घेऊ नका.

खरंच ब्लीचिंग आहे का?

निळा लाइट बंद करून पांढऱ्या उजेडात बघा. निळ्या उजेडात ब्लीच झालेलं कोरल उलट जास्तच चमकतं, आणि ग्राहक खूश होऊन आम्हाला फोटो पाठवतात! लेदर कोरल मिटून, फिकं पडून, वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा आला असेल तर ते कात टाकतंय. थोडा प्रवाह वाढवा आणि आठवडाभर हात लावू नका. मांस सुटून लोंबतंय, तपकिरी चिकट थर आहे, कुजका वास येतोय, तर ते ब्लीचिंग नव्हे, सडणं आहे. तो तुकडा त्याच दिवशी बाहेर काढा. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. झोआ असलेला दगड गरम पाण्याने धुऊ नका, उकळू तर मुळीच नका. काही जातींचं विष वाफेतून माणसाला बाधतं.

तापमान

काचेवर चिकटवायच्या पट्टीवर विसंबू नका, ती खोलीच्या हवेनेही बदलते. पाण्यातला थर्मामीटर दुपारी चारला आणि पहाटे, असा दोनदा बघा. २५-२६ अंश उत्तम, २८च्या वर सावध व्हा, ३० म्हणजे आजच काहीतरी करायला हवं.

पंख्याचा उपाय नागपूर-पुण्याच्या कोरड्या हवेत छान चालतो. मुंबई, ठाणे, रत्नागिरीच्या दमट हवेत पाण्याची वाफच कमी होते, त्यामुळे मे महिन्यात पंखा अपुरा पडतो. तिथे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा खोलीचा एसी हवा. चिलर मात्र टाकीखालच्या बंद कपाटात ठेवू नका. स्वतःचीच गरम हवा ओढत राहतो, बिल वाढतं आणि पाणी तसंच राहतं. दुरुस्तीला आलेले निम्मे चिलर आम्हाला ठणठणीत सापडतात, ते याचमुळे.

अडचणीच्या वेळी बर्फ थेट टाकीत टाकू नका, खारटपणा घसरतो. बाटलीत पाणी गोठवून, झाकण घट्ट लावून ती संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) सोडा. एका तासात अर्ध्या अंशापेक्षा जास्त उतरवू नका. पंखा लावलात की पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. रोजची भर साध्या आरओच्या पाण्याने घाला, मिठाच्या पाण्याने नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) १.०२५ दिसायला हवं.

उजेड

नवा एलईडी लावलाय आणि पाणी थंडच आहे, तर दोष बहुधा लाइटचा. आधीच्या ट्यूबांच्या सवयीच्या कोरलवर शंभर टक्के उजेड सोडला की वरचा भाग आधी पांढरा पडतो, सावलीतली बाजू तपकिरी राहते. लाइट ३०-४० टक्क्यांवर आणा, कोरल खाली सरकवा, मग दर आठवड्याला ५ टक्के वाढवा. पूर्ण अंधार करू नका. उरलंसुरलं शैवालही त्यात जातं.

अती स्वच्छ पाणी

हे ऐकून लोकांना खरं वाटत नाही. मोठा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), भरपूर फॉस्फेट रिमूव्हर, दोनच मासे. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. अशा टाकीत कोरल हळूहळू फिकं होतं, कारण शैवालालाही खत लागतं. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असू द्या. रिमूव्हर काढा, माशांना थोडं जास्त खाऊ घाला.

सावरताना

कारण दूर केल्यावर रंग परतायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर झोआंना आठवड्यातून दोनदा बारीक केलेलं गोठवलेलं अन्न द्या, प्रवाह मंद ठेवून. लेदर आणि झेनिया असं अन्न फारसं घेत नाहीत, त्यांना स्थिर पाणी पुरे. रोज जागा बदलणं, निम्मं पाणी एकदम बदलणं, डिप करणं (औषधी द्रावणात बुडवणं), हे सगळं टाळा.

पांढराशुभ्र किंवा भडक पिवळा ॲनिमोन स्वस्तात मिळाला तर तो बहुतेकदा ब्लीच झालेला किंवा रंगवलेला असतो. घेऊ नका.

पाणी तपासायला आणताना स्वच्छ बाटली टाकीच्याच पाण्याने विसळून काठोकाठ भरा. सोबत दुपारचं तापमान, लाइटची टक्केवारी आणि पांढऱ्या उजेडातला फोटो आणा.